दोन कॉलमच्या पानावर रुंद तक्ते आणि आकृत्या कशा बसवाव्यात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातील एका महाविद्यालयाचा संशोधन-लेखसंग्रह आपण छपाईसाठी तयार करीत आहात. आकार ए-फोर, मजकूर मराठी आणि मांडणी दोन कॉलमची. जिल्ह्यातील ११ तालुक्यांच्या महिनावार पावसाचा तक्ता एका कॉलमात मावत नाही. लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पानमांडणी करण्याच्या प्रणालीत) तो दोन्ही कॉलमभर केला, तर दोन पाने पुढे जाऊन बसतो. वर्डमध्ये पानाच्या मध्यावर आडवा घातला, तर वाचणाऱ्याला मजकुराचा क्रम लागत नाही. शिवाय एका लेखात चादरीच्या नक्षीचा जॅकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी, काढलेला आलेख आहे आणि तो लहान केला की नुसता राखाडी चौकोन दिसतो. रुंद मजकूर ‘हव्या त्याच जागी’ बसवण्याचा खात्रीचा उपाय आपण विचारला आहे.

मी सोलापुरातच पानमांडणीचे काम करतो आणि अशा मजकुराशी माझा रोजचा संबंध येतो. माझे पहिले म्हणणे असे, की ‘पूर्ण रुंदी’ आणि ‘हव्या त्याच जागी’ या दोन मागण्या दोन कॉलमच्या पानावर एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत. हा सॉफ्टवेअरचा दोष नव्हे. पान वाचण्याची रीतच तशी आहे. वाचक डावा कॉलम वरून खालपर्यंत वाचतो आणि मग उजव्या कॉलमच्या माथ्यावर जातो. पानाच्या मध्यावर आडवा तक्ता आला, की डाव्या कॉलममधून उतरणारी नजर त्याच्यापाशी थबकते. आता तक्ता ओलांडून खाली जायचे, की त्याच्या वर राहूनच उजव्या कॉलममध्ये जायचे? वर्डने मजकूर दुसऱ्या रीतीने जुळवलेला असतो आणि बहुतेक वाचक पहिल्या रीतीने वाचतात. आपल्या वाचकांचा गोंधळ होतो तो यामुळेच.

म्हणून रुंद तक्त्याची जागा पानाच्या माथ्यावर किंवा तळाशी. तेथे तो दोन्ही कॉलमच्या प्रवाहाबाहेर राहतो आणि मजकुराचा क्रम मोडत नाही. याची किंमत एकच आहे, ती म्हणजे तक्ता आणि त्याचा उल्लेख एकमेकांना चिकटून राहत नाहीत. ती किंमत द्यावी आणि लेखातील ‘खालील तक्त्यात’, ‘पुढे दिलेल्या आकृतीत’ असे सर्व उल्लेख काढून ‘तक्ता ३’, ‘आकृती २’ असे क्रमांक घालावेत. लेखकमंडळी याला कुरकुरतात, पण क्रमांक दिल्याशिवाय मांडणी करणाऱ्याचे हात मोकळे होत नाहीत.

पुढचे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. विद्यापीठाने किंवा प्रकाशकाने साचा ठरवून दिला असेल, तर त्यातील मापे बदलण्याचा अधिकार आपल्याला नसतो. अंक फक्त पडद्यावर वाचला जाणार असेल, तर फिरवलेले पान चालते, छापील अंकात ते त्रासदायक ठरते. आणि एका लेखात आठ-दहा रुंद तक्ते असतील, तर त्या लेखासाठी दोन कॉलमचा आग्रहच चुकीचा आहे. तो लेख एका कॉलमात घ्यावा. आपल्याकडे मात्र एक तक्ता आणि एक आलेख आहे असे दिसते, तेव्हा मांडणी बदलण्याची गरज नाही.

आधी तक्ता खरोखर रुंद आहे का, ते पाहावे

माझ्याकडे येणारे बहुतेक रुंद तक्ते एक्सेलमधून जसेच्या तसे उचललेले असतात. एक्सेलचे पान माहिती साठवण्यासाठी असते. छापील तक्ता काहीतरी दाखवण्यासाठी असतो. आपल्याच तक्त्याचा हिशेब करून पाहू. ए-फोर पान २१० मिमी रुंद. दोन्ही बाजूंना २० मिमी समास सोडला, तर मजकुराला १७० मिमी उरतात. कॉलममधील मोकळी पट्टी ६ मिमी धरली, तर प्रत्येक कॉलम ८२ मिमीचा होतो. तालुक्याच्या नावाला २० मिमी द्यावे लागतात, कारण ‘दक्षिण सोलापूर’ आणि ‘उत्तर सोलापूर’ ही नावे मोठी आहेत. उरले ६२ मिमी. १२ महिने आणि वर्षाची बेरीज असे १३ रकाने त्यात घातले, तर प्रत्येकाला पावणेपाच मिमी मिळतात. साडेआठ पॉइंटमध्ये तीन अंकी संख्येलाच साधारण तेवढी जागा लागते, म्हणजे शेजारच्या दोन संख्या एकमेकींना भिडणार. तालुके आडवे आणि महिने उभे करून काही साधत नाही, कारण तिकडेही ११ रकाने आहेतच आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ‘मंगळवेढा’, ‘माळशिरस’ अशी लांब नावे येतात.

आता लेखाचा विषय पाहावा. तो रब्बी ज्वारीचा असेल, तर कामाचा पाऊस जून ते ऑक्टोबरमधील आणि त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबरमधील. अशा वेळी पाच महिन्यांचे पाच रकाने, ‘इतर महिने’ असा एक आणि बेरजेचा एक, असे सात रकाने पुरतात. ६२ मिमीमध्ये प्रत्येकाला जवळजवळ नऊ मिमी मिळतात आणि तक्ता एका कॉलमात ऐसपैस बसतो. दशांश स्थळ काढून टाकावे. लेखकाचा युक्तिवाद जर दशांश मिलिमीटरवर उभा असेल, तर प्रश्न मांडणीचा नाही. आपल्या कमी पावसाच्या जिल्ह्यात वर्षाची बेरीजही बहुधा तीन अंकांतच राहते, ही मांडणी करणाऱ्याची एक सोय. ‘मिमी’ हे एकक प्रत्येक घरात न लिहिता शीर्षकात एकदाच लिहावे.

परंतु लेख डाळिंब किंवा द्राक्षबागेवरील अवकाळी पावसाचा असेल, तर नेमके फेब्रुवारी-मार्चचे आकडेच महत्त्वाचे ठरतात आणि ते ‘इतर’मध्ये ढकलणे म्हणजे लेखाचा प्राण काढून घेणे. तेथे १३ रकाने ठेवून तक्ता पूर्ण रुंदीचा करावा. म्हणून कोणता रकाना गाळायचा, हे मांडणी करणाऱ्याने परस्पर ठरवू नये. लेखकाला दोन्ही नमुने छापून दाखवावेत. नमुना हातात आला, की निर्णय लवकर होतो.

देवनागरी तक्त्यांच्या काही अडचणी इंग्रजी पुस्तकांतून वाचायला मिळत नाहीत, म्हणून येथे सांगतो. जागा वाचवण्यासाठी रकान्यांची शीर्षके ९० अंशांत उभी करण्याची सवय आहे. देवनागरीत ती शीर्षके वाचायला जडच जातात, शिवाय प्रत्येक शब्दाची शिरोरेषा उभी होऊन रकान्याच्या उभ्या रेघेला समांतर धावते आणि दोन रकान्यांमध्ये आणखी एक रेघ असल्याचा भास होतो. शीर्षके उभी करण्यापेक्षा ती दोन ओळींत मोडावीत आणि उभ्या रेघा पूर्ण काढून टाकाव्यात. शीर्षकाच्या वर एक, खाली एक आणि तक्त्याच्या शेवटी एक, अशा तीन आडव्या रेघा पुरेशा असतात. उभ्या रेघांच्या दोन्ही बाजूंना सोडावी लागणारी जागाही वाचते. दुसरे, वेलांट्या, रफार आणि उकार यांमुळे ओळीला वरखाली जास्त जागा लागते. साडेआठ पॉइंटच्या अक्षराला ११-१२ पॉइंटची ओळ ठेवली नाही, तर वरच्या घरातील उकार खालच्या घरातील मात्रेला टेकतो. तिसरे, फॉन्टमधील आकडे एकाच रुंदीचे आहेत ना, हे पाहावे. नसतील, तर एकाखाली एक लिहिलेल्या संख्यांचे एकक-दशक सरळ रेषेत येत नाहीत.

एक गोष्ट मात्र करू नये. संपूर्ण तक्ता चित्रासारखा दाबून कॉलमात बसवणारी आज्ञा लाटेकमध्ये आहे, वर्डमध्येही चित्र करून तेच करता येते. तसे केल्यावर एका तक्त्यातील अक्षर सात पॉइंटचे, दुसऱ्यातील सव्वापाचचे, असा विसंवाद सर्व अंकभर पसरतो. आठ पॉइंटच्या खाली देवनागरी उतरवू नये, असे माझे मत आहे. खडबडीत कागदावर तर साडेआठच्याही खाली नको.

आकृत्यांचा हिशेब वेगळा

तक्त्यात रकाने कमी करता येतात, आकृतीत ती सोय नसते. तिथे आकडेमोड आधी करावी. १७० मिमी रुंदीसाठी काढलेल्या आकृतीत नावे नऊ पॉइंटमध्ये असतील आणि ती आकृती ८२ मिमीवर आणली, तर नावे ४.३ पॉइंटची होतात. पाव पॉइंटची रेघ निम्म्याहून बारीक होते आणि ऑफसेटवर तुटक उमटते. म्हणून आकृती ज्या रुंदीला छापायची, त्याच रुंदीला काढून घ्यावी. छायाचित्र ३०० डीपीआयने, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके या हिशेबाने, छापायचे, तर एका कॉलमसाठी सुमारे ९७० पिक्सेल आणि पूर्ण रुंदीसाठी सुमारे २,००० पिक्सेल रुंदी हवी; व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोला हा हिशेब लावून पाहिला, की वादच उरत नाही. नकाशा असेल, तर सूचीची चौकट उजवीकडून काढून नकाशाच्या खाली घ्यावी. तेवढ्यानेच अनेक नकाशे एका कॉलमात मावतात.

आपला जॅकार्डचा आलेख हे यातील सर्वांत अवघड प्रकरण आहे. त्यातील प्रत्येक घर म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट. कोणता धागा वर, कोणता खाली, हे घर भरलेले की रिकामे यावरून कळते. समजा, नक्षीची रुंदी २०० घरांची आहे. ८२ मिमीमध्ये एक घर ०.४१ मिमीचे होईल आणि पूर्ण रुंदीला ०.८५ मिमीचे. ०.४१ मिमीच्या घराभोवती चारही बाजूंनी राखाडी रेघ असेल, तर छपाईच्या जाळीच्या ठिपक्यांत ती विरघळते आणि आपण म्हणता तो राखाडी चौकोन तयार होतो.

यात आणखी एक खोड दडलेली आहे. आलेख चित्ररूपात असेल आणि तो ९७० पिक्सेलवर आणला, तर एका घराला ४.८५ पिक्सेल येतात. पिक्सेल अपूर्ण असू शकत नाही, म्हणून काही घरे पाचची, काही चारची होतात आणि कापडात नसलेले पट्टे आलेखावर लाटांसारखे दिसू लागतात. सोलापुरी चादरीचे जाणकार वाचक ते पट्टे नक्षीतील दोष समजतील, आणि त्यांची चूक म्हणता येणार नाही. उपाय दोन. शक्य असेल, तर आलेख रेखाचित्राच्या स्वरूपात, पीडीएफ करून घ्यावा. चित्रच हाती असेल, तर एका घराला पूर्णांकी पिक्सेल, म्हणजे पाच किंवा दहा, येतील असा आकार ठेवावा आणि नंतर सॉफ्टवेअरला तो पुन्हा लहान-मोठा करू देऊ नये. घरांच्या बारीक रेघा काढून फक्त दर दहा घरांनंतरची रेघ ठेवावी, तीही शुद्ध काळ्या रंगात.

त्यापुढची सूचना अशी, की संपूर्ण आलेख छापायलाच हवा का, हे लेखकाला विचारावे. चादरीची नक्षी पुन्हा पुन्हा येणारी असते. एका कॉलमात पूर्ण चादरीचे छायाचित्र आणि शेजारच्या कॉलमात एका कोपऱ्यातील ४०-५० घरांचा आलेख मोठा करून दिला, तर वाचकाला दोन्ही गोष्टी कळतात आणि रुंदीचा प्रश्नच उद्भवत नाही. विणकामाची पूर्ण कृती देणे हाच लेखाचा हेतू असेल, तर मात्र पूर्ण रुंदी द्यावी किंवा पान फिरवावे.

आता सॉफ्टवेअर

लाटेकमध्ये टेबल किंवा फिगर या एन्व्हायर्नमेंटच्या नावापुढे तारांकन लावले, की तो मजकूर दोन्ही कॉलमभर होतो, हे आपल्याला माहीत आहेच. त्याचे तीन नियम लक्षात ठेवले, तर ‘दोन पाने पुढे’ का जातो ते उलगडते. पहिला नियम: तारांकित मजकूर ज्या पानावर लिहिला त्या पानावर येत नाही, लवकरात लवकर पुढच्या पानाच्या माथ्यावर येतो. ‘येथेच’ सांगणारे एच हे अक्षर त्याला लागू होत नाही, आणि तळाची जागा हवी असेल, तर एसटीफ्लोट्स हे पॅकेज घ्यावे लागते. म्हणून मूळ फाइलमध्ये तक्ता त्याच्या उल्लेखापाशी न ठेवता सुमारे एक पान आधीच्या परिच्छेदापुढे ठेवावा. दुसरा नियम: माथ्यावरील रुंद मजकुराने पानाची ७० टक्क्यांहून जास्त उंची व्यापू नये, अशी मूळ मर्यादा आहे. तक्ता त्याहून उंच असेल आणि आपण त्याला फक्त टी हे माथ्याची जागा सांगणारे अक्षर दिले असेल, तर त्याला कोणत्याच पानावर जागा मिळत नाही आणि त्याच्या मागचे सर्व रुंद तक्तेही रांगेत अडकून अगदी शेवटी बाहेर पडतात. टीबरोबर पी द्यावे, म्हणजे निदान त्याला स्वतंत्र पान मिळेल. किंवा डीबीएलटॉपफ्रॅक्शन ही किंमत ०.७ वरून ०.९ करावी. तिसरा नियम क्रमांकांचा: तक्त्याचा क्रमांक फाइलमधील जागेवरून ठरतो. एक तक्ता उचलून दुसऱ्याच्या आधी ठेवला, तर दोघांचे क्रमांक बदलतात. मजकुरात क्रमांक हाताने लिहिले असतील, तर ते चुकतात. लेबल आणि रेफ या क्रमांक जोडणाऱ्या आज्ञा वापरल्या असतील, तर आपोआप सुधारतात.

चित्राची रुंदी देताना टेक्स्टविड्थ म्हणजे १७० मिमी आणि कॉलमविड्थ म्हणजे ८२ मिमी, हा फरक विसरला, की चित्र शेजारच्या कॉलमवर चढते. लाइनविड्थ लिहिण्याची सवय ठेवावी, ती दोन्ही ठिकाणी योग्य रुंदी घेते. आपण दोन कॉलम मल्टिकॉल पॅकेजने केले असतील, तर आणखी एक सावधगिरी हवी: त्यात साधा, बिनतारांकित तरंगता (लाटेक स्वतः जागा ठरवते असा) तक्ता चालतच नाही, फक्त तारांकित चालतो. पूर्ण अंकभर दोन कॉलम असतील, तर मल्टिकॉलऐवजी डॉक्युमेंट क्लासचा टूकॉलम हा पर्याय सोयीचा.

वर्डमध्ये आपण कंटिन्युअस सेक्शन ब्रेक देऊन मध्येच एक कॉलम केला असणार. तसा ब्रेक आला, की वर्ड त्याच्या वरचा मजकूर दोन कॉलममध्ये समान वाटून टाकतो आणि वाचनाची वर सांगितलेली कोंडी तयार होते. त्याऐवजी तक्ता शीर्षकासह टेक्स्ट बॉक्समध्ये घालावा, बॉक्सची रुंदी १७० मिमी ठेवावी, रॅपिंग ‘टॉप अँड बॉटम’ निवडावे आणि उभी जागा ‘मार्जिन’च्या माथ्याशी जोडावी. दोन्ही कॉलम आपोआप त्याच्याखाली सरकतात. बॉक्सचा नांगर, म्हणजे तो मजकुराशी जिथे बांधलेला असतो ती जागा, मात्र कुठल्यातरी परिच्छेदात असतो. तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला, की बॉक्सही जातो. म्हणून हे काम मुद्रितशोधन पूर्ण झाल्यावरच करावे. लेखक ‘फक्त दोन ओळी’ वाढवून मागतात, त्या आधीच मागून घ्याव्यात.

इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये गोष्ट सर्वांत सोपी आहे. तक्त्याची स्वतंत्र चौकट करून तिला ‘जंप ऑब्जेक्ट’ प्रकारचे टेक्स्ट रॅप द्यावे. शीर्षक दोन्ही कॉलमभर न्यायचे असेल, तर २०१० च्या सीएस-५ आवृत्तीपासून ‘स्पॅन कॉलम्स’ ही परिच्छेदाची सोय आहे. पेजमेकर या जुन्या पानमांडणी सॉफ्टवेअरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची आहे आणि तिला युनिकोड समजत नाही. आपल्या युनिकोड मजकुरासाठी तिच्या वाटेला जाऊ नये, मग छापखान्यातील ऑपरेटर कितीही आग्रह करो.

इतके करूनही मावत नसेल तर

मग पान फिरवावे. तक्त्याचा माथा पानाच्या डाव्या कडेला यावा, पान सम असो वा विषम, म्हणजे वाचकाला पुस्तक नेहमी एकाच दिशेने वळवावे लागते. लाटेकमध्ये रोटेटिंग पॅकेजमधील तारांकित साइडवेजटेबल हे काम करते. फिरवलेल्या पानावर तक्त्याशिवाय काही ठेवू नये.

समोरासमोरच्या दोन पानांवर तक्ता पसरण्याचा मोह होतो, पण डिंकाने चिकटवलेल्या बांधणीत मधले काही मिमी शिवणीत जातात. तसे करायचेच असेल, तर तक्ता सम पानावर सुरू करावा, दोन रकान्यांच्या मधल्या जागेवरच तोडावा आणि उजव्या पानावर तालुक्यांची नावे पुन्हा द्यावीत. चादरीच्या आलेखाच्या बाबतीत हा मार्ग मी सुचवणार नाही, कारण शिवणीत गेलेले एक घर म्हणजे एक चुकलेला धागा.

आपल्या अंकापुरते मी पुढील क्रमाने जाईन. पावसाच्या तक्त्याचे सात रकान्यांचे आणि १३ रकान्यांचे असे दोन नमुने लेखकाकडे पाठवून उत्तर येईपर्यंत बाकीची पाने लावून घेईन. आलेख ज्यांनी काढला त्यांच्याकडून मूळ फाइल मागवीन, छापील प्रतीचा मोबाइलवर काढलेला फोटो घेणार नाही. आणि दोन्ही पाने छापखान्याला देण्यापूर्वी साध्या प्रिंटरवर ए-फोर कागदावर छापून पाहीन. त्या वेळी प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ हा पर्याय काढून ‘अॅक्च्युअल साइज’ निवडावा, नाहीतर प्रिंटर पान तीन-चार टक्के लहान करतो आणि साडेआठ पॉइंटचे अक्षर आपण कागदावर तपासतच नाही.